सात इंचांची पायरी

मी घरामागचा उतार बोलतोय. इतकी वर्षं गप्प राहिलो, कारण उताराला विचारतो कोण? पण एक बोच मनातून जात नाही, ती सांगून टाकतो.

घराचा पाया खणताना निघालेली माती, फुटक्या विटा आणि नको असलेले दगड मागे लोटून दिले, त्यांचाच मी झालो. हे घर एका शिंप्याचं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते म्हणत, "शिवून उरलेलं कातरण असतं ना, तसा आहे हा उतार." मला त्याचं वाईट वाटत नसे. खरंच होतं ते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मास्तरांच्या बायकोने एकदा लिंबाच्या बिया फेकल्या. त्यातली एक माझ्या पायथ्याशी रुजली. झाड वाढलं, लिंबांनी लगडलं. बाई रोज गवताला धरून खाली यायच्या, झाडाशी दोन शब्द बोलायच्या आणि ओंजळभर लिंबं घेऊन वर जायच्या. एकदा माझ्यावरूनच त्या घसरल्या. गुडघा दुखावला तो कायमचा.

"अहो, साध्या पायऱ्या करा ना," त्या म्हणाल्या. "मला माझ्या झाडापर्यंत जाता आलं की झालं. बाकी काही नको."

"नुसत्या पायऱ्या? अख्ख्या उताराचं सोनं करतो, बघच तू."

मास्तरांनी एकावर एक फळ्या रचल्या आणि बाईंना त्यांवर चढायला-उतरायला लावलं. कुठवर त्रास होत नाही ते पाहिलं. सात इंच. लगेच ते मापांच्या वहीत लिहिलं. मग टेप माझ्यावर पसरला. कुणीतरी पहिल्यांदाच माझं माप घेत होतं. मी हरखून गेलो.

त्यानंतर बेत सुरू झाले. आधी ठरलं, तीन टप्पे पाडायचे आणि प्रत्येकाला दगडी बांध घालायचा. पुढच्या वर्षी नागमोडी वाट सुचली. मग माती धरून ठेवणारी फुलं, मग मध्यावर बाक. दर सुट्टीला खुंट्या ठोकल्या जायच्या, सुतळी ताणली जायची आणि संध्याकाळी सगळं गुंडाळलं जायचं.

गवंडी दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्यांदा तो वैतागला. "मास्तर, माती आहे ही, कापड नाही. चुकलं तर पुन्हा भरता येतं."

"कात्री एकदा चालली की चालली," मास्तर म्हणाले. "आधी सगळं मनासारखं ठरू दे."

खरं सांगतो, मलाही ते आवडत होतं. प्रत्येक नव्या बेतात मी आणखी देखणा दिसायचो. वरच्या खिडकीत बाई उभ्या असायच्या, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

हळूहळू त्यांचं खाली येणं थांबलं. "लिंबं सडतायत हो खाली," त्या खिडकीतून सांगायच्या. मास्तर म्हणायचे, "या वर्षी नक्की." आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाला दटावत असायचे, "जुन्या मापावर मी शिवत नाही. अंग बदलतं माणसाचं. उभे राहा, ताजं माप द्या."

मास्तरांच्या डोळ्यांना सुईचं भोक दिसेनासं झालं आणि मशीन बंद पडलं, तेव्हा कुठे गवंडी पुन्हा आला. बांध नाही, बाक नाही. अकरा ऐसपैस पायऱ्या आणि धरायला कठडा. वही उघडून मास्तरांनी उंची सांगितली. सात इंच. दहा दिवसांत काम झालं.

बाई काठी टेकत आल्या. कठडा धरला, पाय पुढे केला. पाय हवेतच राहिला. गुडघा तेवढा वाकेना. त्यांनी पाय मागे घेतला.

"सातच आहे गं," मास्तर वही दाखवत म्हणाले. "हे बघ, तुझंच माप."

"माझंच आहे, पण तेव्हाचं." बाई हसल्या. "गिऱ्हाइकांना काय सांगायचात तुम्ही?"

मास्तर पहिल्या पायरीवर बसले ते ऊन कलेपर्यंत उठले नाहीत. वही मांडीवर उघडीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंचं ताजं माप घेतलं. चार इंच भरलं. आता ते प्रत्येक पायरीवर साडेतीन इंचांचा अर्धा दगड बसवतायत, म्हणजे एका पायरीच्या दोन होतील. गवंडी दुसरीकडे कामाला लागलाय आणि मास्तरांना आता थांबवत नाही. नीट दिसत नाही, चाचपत बसवतात, एका दगडाला आठवडा जातो. चार पायऱ्या झाल्यात. बाई रोज तेवढ्या उतरतात आणि चौथीवर बसतात. तिथून झाड दिसतं, वासही येतो. लिंबू हाताला लागत नाही.

दर आठवड्याला मास्तर माप घेतात. परवा पावणेचार भरलं. मास्तरांनी ते वहीत जुन्या सातच्या खाली लिहिलं.

तुमच्या घरामागे माझ्यासारखा कुणी असेल, तर आधी पायऱ्या करा. फुलं मागाहून लावता येतात.

आणि मास्तर, अजून सात उरल्यात. ऊन उतरलंय. तेवढा पुढचा दगड घ्या.