हळद लागलेला कागद

नंदुरबारच्या गफूरभाईंनी चाळीस वर्षांत जे जे छापलं, ते महिन्याभरात रद्दीत गेलं, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नव्हता. लग्नपत्रिका लग्नापुरती, उमेदवाराचं पत्रक मतदानापुरतं, उत्तरकार्याचं कार्ड तेराव्यापुरतं. म्हणून प्रकाशा गावच्या सरलाबाई गाण्यांची वही घेऊन छापखान्यात आल्या, तेव्हा गफूरभाईंनी खुर्ची स्वतः पुसली आणि चहा न विचारता सांगितला. आपल्या हातचं एक तरी पुस्तक मागे उरावं, एवढीच त्यांची हाव होती.

सरलाबाईंनी दहा वर्षं तापीकाठची गावं पालथी घालून हळदीची गाणी उतरवून घेतली होती. त्यातली निम्मी ऐंशी वर्षांच्या जसोदाबाईंची. त्यांनी ती दिली एका अटीवर: पुस्तक गाण्यासाठी छापायचं, कपाटात ठेवायला नाही.

अडचण एकच, सरलाबाईंचा मुलगा ललित. केळीचा मोठा बागायतदार. पुस्तकाचा खर्च त्याचा, तेव्हा अक्कलही त्याचीच. त्याच्या घरची फरशी चमकत होती, गाडी चमकत होती. पुस्तकानेच काय घोडं मारलं होतं? त्याला चकचकीत आर्ट पेपर हवा होता. गफूरचाचांना जमत नसेल तर सुरतेला बोलणं झालेलंच होतं.

गफूरभाईंनी जाड, सायीच्या रंगाचा एक कागद काढला. कानाशी नेऊन फडफडवला, कोपरा जिभेला लावला, उन्हात धरला. मग समजावलं की कागदालाही लाकडासारखी रेघ असते. त्या रेघेने घडी घातली तर पुस्तक उघडं पडून राहतं, आडवी घातली तर उंदराच्या सापळ्यासारखं मिटतं. ललित मोबाइल बघत होता.

"बेटा," गफूरभाई शांतपणे म्हणाले, "तू म्हणतो म्हणून नको, मी म्हणतो म्हणूनही नको. हळदीलाच ठरवू दे."

गुरुवारी ललितच्या चुलतबहिणीची, भूमिकाची हळद होती. गफूरभाईंनी वहीतल्या आठ गाण्यांच्या वीस पुस्तिका चकचकीत कागदावर छापल्या, त्याच गाण्यांच्या वीस सायीच्या. घड्या दोन्हींच्या रेघेनेच घातल्या. लबाडी करायची गरजच नव्हती.

शुक्रवारी सकाळी ललित दोन पिशव्या घेऊन आला, मागून सरलाबाई. त्याने चकचकीत पुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. एक डाग नाही. मग दुसरी पिशवी ओतली. पानोपानी हळदीची बोटं, तेलाचे अंगठे, एका पानाला अक्षता चिकटलेल्या, एकाचा कोपरा कुणा पोराने चघळलेला.

"बघा चाचा," तो म्हणाला, "क्वालिटी ती क्वालिटी."

गफूरभाईंनी मान डोलावली. त्यांचं अगदी तेच म्हणणं होतं. मग त्यांनी चकचकीत पुस्तिका मोजल्या. वीसच्या वीस. सायीच्या भरल्या अकरा.

"बाकीच्या नऊ?"

"बाया घरी घेऊन गेल्या," ललित म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

सरलाबाईंनी मग उरलेलं सांगितलं. चकचकीत पुस्तिका आधी जसोदाबाईंच्याच हाती दिली होती. मांडवाच्या कडेला दुपारचं ऊन. म्हातारीने पान तिरपं केलं, उलटं केलं, डोळे चोळले आणि भर बायकांत विचारलं, "हाई पुस्तक शे का आरसा?" त्यानंतर कुणी त्या गठ्ठ्याला हात लावला नाही.

ललित बराच वेळ हळदीचा एक अंगठा निरखत बसला. तो जसोदाबाईंचा की आईचा, ते त्याला ओळखता येईना.

"कव्हर तरी चमकू द्या, चाचा," तो अखेर म्हणाला.

कव्हरला गफूरभाईंची काहीच हरकत नव्हती. मग आतला सायीचा कागद लगेच मागवा, लग्नसराई सुरू आहे, असं ललितने जरा मालकी आवाजात बजावलं. गफूरभाईंनी चहा संपवला आणि उद्या येईल म्हणून सांगितलं.

तो त्यांनी बुधवारीच मागवला होता.