माझ्या पोटातले तीन सेल

मित्रांनो, मी एक जुनी दिव्यांची माळ आहे आणि आज मी गोड बोलणार नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मला ना तळपाय, ना मस्तक, पण आग आहे.

एका बारीक तारेवर मोहरीएवढे दिवे बसवून मला कारखान्यात घडवलं. टोकाला प्लॅस्टिकची डबी दिली, तेच माझं पोट. त्यात तीन सेल बसतात. दादा आणि मनी या भावाबहिणीची आत्या मला विकत घेऊन आली. तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवून या दोघांना वाढवलं होतं.

तिने मला तिच्या खोलीच्या खिडकीवर, पडद्याच्या दांडीला गुंडाळलं. "दिवसभर सुईत डोळे घातल्यावर हा उजेड बरा वाटतो गं," असं ती मनीला म्हणायची. आलेगेलेही माझं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे.

खाली लोंबणारी डबी वाईट दिसते म्हणून दादाने ती वर, पडद्यामागे चिकटवली. बटण डबीवरच होतं. मग काय, आत्या रोज स्टुलावर चढायची. एकदा स्टूल सरकलं आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. दादा स्टुलावर चिडला, स्वतःवर नाही!

आत्या खिडकीखालच्या पलंगाला खिळली. माझे दिवे लावायलाही तिला कुणाची तरी विनवणी करावी लागे. जिने कधी कुणाकडे सुई मागितली नाही, तिला हे फार लागायचं. मी अंधारात धूळ खात पडले आणि माझे सेलही उतरले.

मग दादाला हुक्की आली. "आत्या, तुझी माळ रिमोटवर चालवतो. पडल्या पडल्या उंटावरून शेळ्या हाक!" त्याने मोबाइलचा जुना चार्जर काढला, त्याची वायर कापली आणि माझ्या डबीला जोडली. चार्जर बसवला रिमोटवर चालणाऱ्या प्लगमध्ये आणि तो प्लग भिंतीत. डबीवरचं बटण चालूच ठेवलं.

मनी म्हणाली, "अरे, आतले सेल काढ आधी. ते वीज देतात, त्यांना उलटी वीज पाजायची नसते. आणि ही माळ साडेचार व्होल्टची, चार्जर पाचचा आहे."

"राहू देत गं. चार्ज होतील, वीज गेली तर उपयोगी पडतील. काही होत नाही!"

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस कुणाचं ऐकतो? आत्याने रिमोट दाबला, मी उजळले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदात मनीचं बोलणं विरून गेलं. दोघं बाजारात निघाले आणि आतून कडी लावायला आत्याला उठता येत नव्हतं म्हणून घराला बाहेरून कुलूप लावून गेले.

माझं पोट तापू लागलं. सेल फुगले, सूं सूं करत गळू लागले, डबी मऊ पडली. चिकटून पडदा होता, खाली आत्या होती आणि बाहेर कुलूप होतं. मला ओरडायला तोंड नाही, मित्रांनो! मी नुसती उजळत राहिले, आणि त्या उजेडाची मला शिसारी आली.

आत्याला वास आला. वर बघून तिने घाईने रिमोट दाबला. मी विझले आणि हळूहळू निवले. पडद्याला मात्र तपकिरी डाग पडला.

परत आल्यावर दादाने डबी पाहिली. "जरासं वितळलंय. काही होत नाही."

आत्या शांतपणे म्हणाली, "मने, मला खुर्चीत बसव. दादा, तू झोप माझ्या पलंगावर. उठायचं नाही."

मनीने चाकांची खुर्ची ढकलत आत्याला बाहेर नेलं आणि बाहेरून कुलूप लावलं. दादा माझ्या खाली उताणा पडून होता. त्याने काळवंडलेली डबी पाहिली, पडदा पाहिला, मग दाराकडे पाहिलं. पडल्या पडल्याच त्याने हाक मारली.

"आत्या, उघड ना."

बाहेरून आत्या म्हणाली, "काही होत नाही!"

दार उघडल्यावर त्याने आत्याचे पाय धरले. मग सेल काढले आणि जळकी डबी फेकून दिली. साडेचार व्होल्टचा अडॅप्टर आणला, मनीकडून तारांचं अधिक-उणे तपासून घेतलं, जोड पक्के करून त्यांवर उघडी तार झाकणारी नळी चढवली. अडॅप्टर पडद्यापासून लांब, उघड्यावर ठेवला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून तापतो का ते पाहत बसला. आता आत्या मनात येईल तेव्हा मला लावते. घराला बाहेरून कुलूप मात्र कुणी लावत नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, आम्हां दिव्यांना सजवा, जोडा, रिमोटवर नाचवा, पण आमच्या पोटात काय आहे ते आधी बघा. आणि कुणी "काही होत नाही" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: कुलपाच्या आत कोण राहणार आहे?