वीस घरं उत्तरेला

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. हे नाव नानांनी पाडलं होतं. नाना त्या खात्याचे प्रमुख. तिला कामाला लावलं त्यांनीच आणि काम शिकवलंही त्यांनीच. साऱ्या मुलखाच्या जमिनीची उंची तिथे एका अवाढव्य ग्रिडमध्ये साठवलेली होती. बुद्धिबळाच्या पटावर असतात तशी घरं, एकेक घर नव्वद मीटरचं, आणि प्रत्येक घरात एक आकडा: त्या जागेची उंची. अख्खी फाईल उघडायला गेलं की भलेभले कॉम्प्युटर मान टाकत. म्हणून धरणवाले, रस्तेवाले, कालवेवाले आपल्यापुरता तुकडा मागत. ती स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची. पश्चिमेची कड, पूर्वेची कड, दक्षिणेची, उत्तरेची. एंटर दाबलं की तेवढाच मुलूख कापून बाहेर. "आमच्या कात्रीनं डोंगर कापला तर खाली खडासुद्धा सांडत नाही," असं नाना पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

लढाई शहरापर्यंत आली तेव्हा सरकारी सैन्य मागे हटलं आणि हटताना खालच्या मजल्यावरचे सगळे कागदी नकाशे जाळून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फाटकावर दोन गोळ्या वाजल्या. पहारेकरी खुर्चीतच गेला. मग जिन्यावर बुटांचे आवाज आले आणि पाच जण आत शिरले. चौघांकडे बंदुका होत्या. पाचवा मोजणीदार होता. सहा वर्षं तो कात्रीच्या शेजारच्या टेबलावर बसला होता, तिच्या डब्यातली भाजी न विचारता घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला, कुठे गेला ते कुणाला कळलं नव्हतं. आता कळलं.

त्यांच्या म्होरक्यानं आवाज न चढवता काय हवंय ते सांगितलं. खिंडीमागे त्यांच्या तोफा लागल्या होत्या. पलीकडच्या खोऱ्यात, नदीच्या पुलापाशी, शहरातून पळालेली सात हजार माणसं अडकली होती आणि एकेक करून पूल ओलांडत होती. खोऱ्यात दुपारपर्यंत धुकं असतं, टेहळणी करता येत नाही. म्हणजे तोफा डागायच्या त्या निव्वळ आकड्यांवर. खोऱ्याचा तुकडा हवा होता, तोही लगेच.

त्या सात हजारांत कात्रीची ताई होती, आणि दाजी.

नाना उठून उभे राहिले. पाण्यासाठी मागा, रस्त्यासाठी मागा, आत्ता कापून देतो, ते म्हणाले. यासाठी मिळणार नाही. म्होरक्यानं नुसती मान हलवली. दोघांनी नानांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि तिसऱ्यानं बंदुकीचा दस्ता आपटला. एकदा, मग दुसऱ्यांदा. बोटं मोडल्याचा आवाज कात्रीनं स्वच्छ ऐकला. नाना ओरडले, मग ओठ चावत मोजणीदाराकडे वळले.

"यांना सांग," ते म्हणाले, "की नाना देणार नाही. तू मला ओळखतोस."

मोजणीदार खिडकीकडे सरकला. म्होरक्यानं पिस्तूल काढलं आणि हातभर अंतरावरून नानांच्या तोंडात गोळी घातली. मागच्या भिंतीवर, कपाटावर, कात्रीच्या कीबोर्डवर रक्त उडालं. नाना टेबलाला धरून खाली बसल्यासारखे कोसळले आणि पुन्हा हलले नाहीत.

"आता तू," म्होरक्या तिला म्हणाला.

तिचं डोकं विलक्षण चालत होतं. आपण नाही म्हटलं तर आपण मरू, आणि तुकडा मोजणीदार कापेल. त्याला चार वेळा चुकून का होईना, ती कमांड येते. म्हणजे नाही म्हणण्यात काही अर्थ नव्हता. तिनं बाहीनं कीबोर्ड पुसला. चारही कडा टाकल्या. तुकडा खरा कापला, एकही आकडा न बदलता.

प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर त्याचा पत्ता असतो: हा चौकोन पृथ्वीवर कुठून कुठपर्यंत आहे तो. आतले आकडे एक, पत्ता वेगळा. तो पत्ता बदलायलाही एकच ओळ लागते. मागे कुणीतरी ओकत होतं. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, मोजणीदार खिडकीला धरून वाकला होता. म्होरक्याला त्या काळ्या खिडकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं दुसरी ओळ टाईप केली आणि अख्खं खोरं, पुलासकट, वीस घरं उत्तरेला सरकवलं. मग स्क्रीनवरच्या ओळी पुसून टाकल्या.

मोजणीदार तोंड पुसत आला. सगळ्यात उंच आकडा आणि सगळ्यात खालचा आकडा दाखव, म्हणाला. तिनं दाखवले. चौदाशे बारा, आणि पुलाखाली तीनशे अठ्ठ्याऐंशी. ते त्याला पाठ होते. कडा त्यानं तपासल्या नाहीत.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

म्होरक्या फाईल घेऊन गेला. जाताना बजावून गेला की गोळे ठिकाणावर पडल्याचं कळेपर्यंत हिला इथून हलू द्यायचं नाही. मागे राहिले एक बंदूकवाला आणि मोजणीदार. नानांच्या अंगावर काही टाकू का, असं तिनं विचारलं. बंदूकवाला नको म्हणाला.

साडेअकराला तोफा सुरू झाल्या. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. ती मोजत राहिली. साठपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. बाराच्या पुढे बंदूकवाल्याचा वायरलेस खरखरला. धुकं विरळ होत होतं. गोळे पुलाच्या कितीतरी उत्तरेला पडत होते आणि माणसं पळत पळत पूल ओलांडत होती. पलीकडचा आवाज शिव्या घालत म्हणाला, त्या बाईला संपवा.

मोजणीदारानं सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "कडा," तो एवढंच बोलला.

बंदूकवाल्याच्या एका हातात वायरलेस होता. खांद्यावरची बंदूक तो दुसऱ्या हातानं ओढायला लागला, तेवढ्यात तिनं टेबलाखालचा यूपीएस वायरींसकट उपटला आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यावर आला. तिनं पुन्हा घातला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा तो आधीच पडला होता, हे तिला नंतर आठवलं आणि कायम आठवत राहिलं.

मोजणीदारानं मागून तिचा गळा धरला. ती खुर्चीवर आदळली, दोघंही खाली, नानांच्या रक्तात. तो रडत होता आणि आवळत होता. ती हाताला लागेल ते ओरबाडत होती. शेवटी तिचा अंगठा त्याच्या डोळ्यात गेला आणि तिनं तो दाबला, सगळा जीव एकवटून. तो किंचाळून सुटला. ती मागच्या जिन्यानं पळाली. त्यानं पडलेल्याची बंदूक उचलून आंधळेपणानं झाडलेली एक गोळी तिचा डावा कान घेऊन गेली.

तोफांचा नेम तासाभरात सुधारला. एक वाजता पूल पडला. तोवर बहुतेक सगळे पलीकडे पोचले होते; ताई पोचली होती. म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारे दाजी आणि त्यांच्यासारखे चाळीसेक जण पुलाबरोबर नदीत गेले.

तीन आठवड्यांनी कात्रीला निर्वासितांच्या छावणीत ताई सापडली. दोघी पोटभर रडल्या. त्याच छावणीत एक चुनेवाली होती. पुलाच्या उत्तरेला तिच्या घरच्यांच्या चुनाभट्ट्या होत्या. इथे कोण कशाला तोफ डागेल, म्हणून तिच्या घरची अकरा माणसं भट्ट्यांच्या आत लपून बसली होती. ती स्वतः पाणी आणायला गेली होती. पहिले गोळे तिथेच पडले. भेटेल त्याला ती एकच गोष्ट विचारायची: तिथे होतं तरी काय?

कात्रीनं विचारलं, पुलापासून भट्ट्या किती लांब? दोन किलोमीटरला थोड्या कमी, कुणीतरी सांगितलं. वीस घरं म्हणजे अठराशे मीटर.

तिनं ताईला सगळं सांगितलं. ताईनं आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. मग म्हणाली, "सात हजार वाचले. तू तोंड उघडू नकोस. तुला माझी शपथ आहे."

दोन दिवस तिनं शपथ पाळली. तिसऱ्या दिवशी ती चुनेवालीकडे गेली. ती लाकडं फोडत बसली होती. कात्रीनं उभ्या उभ्याच सुरुवातीपासून सांगितलं. चुनेवालीनं ऐकता ऐकता कुऱ्हाड खाली ठेवली. शेवटी विचारलं, "आम्ही तिथं आहोत, हे तुला दिसलं नाही?"

"त्यात माणसं दिसत नाहीत. फक्त उंची असते."

"दक्षिणेला का नाही सरकवलंस?"

कात्रीचं बोट उत्तरेच्या आकड्यावर होतं, एवढंच खरं होतं, आणि तिनं तेच सांगितलं.

चुनेवालीनं हातातलं लाकूड उचललं आणि तिच्या खांद्यावर मारलं. गळ्याचं हाड मोडलं. दुसरा फटका बरगडीवर बसला. कात्रीनं हात वर केला नाही. माणसांनी चुनेवालीला ओढून बाजूला केलं, तेव्हा ताई वाघिणीसारखी तिच्या अंगावर धावली, आणि तिला आवरायला आणखी माणसं लागली. छावणीच्या अधिकाऱ्यानं तक्रार लिहून घेऊ का, असं विचारलं. कात्री नको म्हणाली.

हाड वाकडं जुळलं. लढाई थांबायला अजून आठ महिने गेले. मोजणीदाराचं काय झालं ते तिनं कधी विचारलं नाही. नानांना ऑफिसच्या आवारात कुणीतरी पुरलं होतं; जागा सापडली.

मग एक दिवस चुनेवालीचा निरोप आला. भट्ट्यांची जागा ओळखू येत नव्हती. सगळीकडे खड्डे आणि ढिगारे, कुठली भिंत कुठे होती तेच कळेना. तुझ्याकडे जुन्या उंच्या आहेत ना, ये. ताई नको नको म्हणत असताना कात्री गेली. लढाईच्या आधीच्या ग्रिडमधून तिनं तेवढाच बारका तुकडा कापून नेला होता, पुन्हा पुन्हा तपासलेल्या कडांचा. टेकाडाच्या उतारावरची सपाटी कुठे सुरू होते ते तिनं पावलं टाकत शोधलं आणि चार खुंट्या ठोकल्या.

दोघींनी दोन दिवस खणलं. बोलणं झालं ते फक्त कामापुरतं. इथे धर, सावकाश, पाणी दे. सात जण सापडले. चौघं सापडले नाहीत. तिसऱ्या दिवशी चुनेवाली म्हणाली, आता तू जा. कात्री फावडं उघड्या पडलेल्या भिंतीला टेकवून निघाली.