अर्धी पांढरी पायरी

"खाल्लं का आज काही?" समोरच्या दिव्याच्या खांबाशी पाळतीवर उभ्या असलेल्या टॅटरसॉल शिपायाने विचारलं.

"नेल कुठलं खातेय," हॅना क्लेग दारातूनच म्हणाली. "चमचा तोंडाशी नेला की मान फिरवते. मरेल एक दिवस, मग बसा खांब राखत."

दार लावून ती आत आली आणि नेलने पुसूनपुसून संपवलेला वाडगा तिने विसळला. मी शेजारीण, तिथेच चुलीपाशी बसले होते. आमच्या गल्लीत कधी खोटं न बोलणारी बाई कोण, तर हॅना. सूतगिरणीत कापसाची धूळ खाऊन तिची छाती गेली होती, नवरा गेला होता. उरली होती ती ही धाकटी बहीण, नेल. आई वारल्यावर तिनेच वाढवलेली.

बायकांना मताचा हक्क द्या म्हणत नेलने टपालाच्या पेटीत पेटता बोळा टाकला आणि ती तुरुंगात गेली. तिथे तिने अन्न सोडलं. तुरुंगात बाई मेली तर बोभाटा होईल, म्हणून सरकारने त्याच वर्षी, १९१३ साली, नवा कायदा काढला होता. उपाशी बाई मरायला टेकली की घरी सोडायची आणि खाऊनपिऊन उभी राहिली की उरलेल्या शिक्षेसाठी पुन्हा उचलायची. कायद्याला भलंथोरलं नाव होतं, पण सगळे त्याला मांजर-उंदराचा कायदाच म्हणत.

"मांजर उंदराला लगेच खात नाही," नेल अंथरुणातून म्हणाली होती. "सोडतं, पळू देतं, पुन्हा पंजा मारतं. भूक नसते गं त्याला, खेळायचं असतं."

"मग तू पळूच नकोस. निजून राहा," असं म्हणत हॅनाने तिला ओटची लापशी भरवली.

नेलच्या गालावर रंग आला की हॅनाला बरं वाटायचं आणि लगेच ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. आपल्याच हाताने आपण हिला शिपायाच्या हवाली करतोय, असं ती मला एकदा म्हणाली.

आमच्याकडे शुक्रवारी सकाळी प्रत्येक बाई गुडघे टेकून दारची पायरी धुते आणि मऊ दगड घासून ती पांढरी करते. घरात खायला नसलं तरी चालतं, पण पायरी काळी चालत नाही. नेलच्या उशाशी बसण्यात हॅनाचे कितीतरी शुक्रवार हुकले होते. त्या सकाळी शेजारची सग्डनबाई मुद्दाम खिडकीखाली थांबून म्हणाली, "क्लेगांच्या दारात कोळसा उतरवलाय वाटतं."

हॅना तेव्हा हाडं आणायला खाटकाकडे गेली होती. नेलने ते ऐकलं. तिने शाल गुंडाळली, बादली उचलली आणि दार उघडून ती सरळ पायरीवर बसली. मी माझ्या दारातून बघत राहिले. टॅटरसॉलही बघत होता. मग तो हळूच रस्ता ओलांडून आला.

"पोरी, आत जा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी काही पाहिलेलं नाही."

"अर्धी झालीय."

"हवालदार फेरीवर निघालाय. आत जा म्हणतो ना."

"अर्धी पायरी टाकून? माझ्या बहिणीला गल्लीत तोंड दाखवायचंय."

हवालदार कोपऱ्यावरून आला तेव्हा तिच्या हातात दगड होता. हाडांची पुडी घेऊन हॅना परतली, तोवर दोघांनी नेलला मधे घेतलं होतं. निघताना टॅटरसॉलने ओला भाग चुकवून पाय टाकला. त्याच्याही आईने त्याला तसंच वळण लावलं असणार.

"उरलेली तेवढी कर गं," नेल म्हणाली.

हॅनाने ती केली नाही. कित्येक शुक्रवार आम्ही ती पायरी तशीच पाहिली. सग्डनबाईसुद्धा पुन्हा त्या खिडकीखाली थांबली नाही.

थंडी पडल्यावर, पुन्हा अन्न सोडून मरायला टेकलेल्या नेलला बग्गीतून आणलं. तुरुंगातल्या दोघी बायकांनी तिला उचलून वर नेलं. दुसऱ्या दिवसापासून हॅना रोज पहाटे खोकत खोकत सगळी पायरी पांढरी करू लागली. पोरीला उठायला निमित्त नको, म्हणायची. पण नेल उठण्यातली नव्हतीच. सूप ओठांतून बाहेर यायचं.

"खा गं बाई," हॅना म्हणताना मी जिन्यावर ऐकलं. "नेऊ देत त्यांना. पुन्हा पुन्हा नेऊ देत. पण तू खा."

संध्याकाळी भरलेला वाडगा तसाच हातात घेऊन ती दारात आली. टॅटरसॉल रस्ता ओलांडून पायरीच्या अलीकडे उभा राहिला.

"खाल्लं का आज काही?"

"नाही," हॅना म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचं शिरस्त्राण काढून हातात धरलं.