हजेरीची पानं

मुलांनी खेळत खेळत लिहायला शिकावं म्हणून वरून आमच्या शाळेत एक पेटी आली, आणि मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. "खराब झाली तर उत्तर कोण देणार, कामिनीबाई?" असं वर मलाच विचारलं. पेटीत अक्षरांचे फासे होते, फिरवायची चकती होती, रंगीत पत्ते होते. ते सगळे वर्षभर कपाटात आपसांत खेळत बसले. फोटो काढायचा असला की पेटी बाहेर यायची, पोरं हाताची घडी घालून तिच्याभोवती बसायची आणि फोटो झाला की पेटी परत आत. फोटोखाली लिहायचं, 'खेळातून लेखन, इयत्ता दुसरी'.

मुख्याध्यापक बन्सीलाल सर मूळचे शिंदखेड्याचे. बोलणं अगदी छापील. फक्त घाबरले की त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणी निसटते. अशा माणसाबद्दल 'तसा मनाने वाईट नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

पेटीच्या भरवशावर राहिले असते तर माझी पोरं नाव लिहायला येण्याआधीच शाळा सोडून गेली असती. आमचं गाव असोद्याच्या पुढे, चहूकडे केळीच केळी. केळीच्या पानावर बाभळीच्या काट्याने ओरखडा काढला की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू तीच रेघ तपकिरी होऊन वर येते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी एवढंच केलं, की नुसती तोंडी हजेरी बंद केली. मी नाव पुकारायचं, पोराने मोठ्याने 'हजर' म्हणून काट्याने पानावर तेच लिहायचं, 'तेजस हजर', 'शीतल हजर', आणि पान दोरीला अडकवायचं. मधल्या सुट्टीपर्यंत अक्षरं उगवायची. मग आपापलं पान शोधायला ही झुंबड! पानावर खोडता येत नाही, म्हणून लिहिण्याआधी प्रत्येक जण अक्षर मनात घोळवायचा. कुलपातल्या चकतीला हे जन्मात जमलं नसतं.

या खेळातच भाविका लिहायला लागली. मंदाबाईंची नात. आईबाप सुरतेला कामाला, पोर आजीपाशी. वर्षभर तिने पाटीवर एक अक्षर काढलं नव्हतं, कारण काढलं की शेजारचा तेजस वाकून बघायचा आणि फिदीफिदी हसायचा. पानावर तो काय हसणार, कपाळ? दिसतच नाही काही! अक्षरं वर येईपर्यंत भाविका अंगणात पळालेली असायची. एक दिवस दोरीवर 'भाविका हजर' असं वाकडंतिकडं पण पुरतं उगवलं आणि मला हुंदका आला. लपवत नाही. त्या दिवसापासून तिने एकही हजेरी चुकवली नाही, तापातसुद्धा आली.

आणि मग जळगावहून साहेब येणार अशी वर्दी आली. खेळातून लेखन कसं चाललंय ते बघायला.

बन्सीलाल सरांनी मला बोलावलं. "कच्ची मुलं त्या दिवशी घरी ठेवा. भाविका वगैरे."

"सर, भाविका लिहिते आता."

"पाटीवर लिहिते का?"

"पानावर लिहिते."

"मग पान बकरीला दाखवा. साहेबांना पाटी लागते."

"सर, मोठ्या मुश्किलीनं पोर लिहिती झालीय. घरी बसवलीत तर ती समजायचं ते समजेल. परत काट्याला हात लावायची नाही."

"एका दिवसानं काय होतं?" सर म्हणाले. एका दिवसाने काही होत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. फक्त साहेबांचा दिवस त्याला अपवाद.

आता, हिवाळ्यात आमच्याकडे पाहुणा आला म्हणजे भरीत-पुरी होणारच, आणि साहेब म्हणजे तर पाहुण्यांचा बाप. ते वर्ग बघायला येतात आणि जमलं तर भरीत खातात, की भरीत खायला येतात आणि जमलं तर वर्ग बघतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. गावात भरताला हात मंदाबाईंचा. म्हणून सरांनी मंदाबाईंना निरोप धाडला, स्वयंपाकाला या. त्याच निरोप्याबरोबर दुसरा निरोप, नातीला पाठवू नका.

मंदाबाई सकाळीच आल्या, वांग्यांची टोपली डोक्यावर आणि भाविका बोटाला. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, भरीत कराले मी पाह्यजे, अन् माही नात नको? काबरं? काय खोड हाये तिच्यात?"

मी सरांकडे बघितलं. सर भिंतीवरच्या सुविचाराकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "बरं, मागं चुलीपाशी बसू दे. पुढं दिसायला नको. आज तिला गैरहजर धरा."

मागे नेताना भाविकाने माझा पदर ओढला. "बाई, माही हजेरी?"

काय सांगणार होते मी? "सर नाही म्हणालेत गं," म्हटलं. तिने पदर सोडला. रडली असती तरी बरं वाटलं असतं.

साहेब आले. पेटी निघाली. वर्षात पहिल्यांदाच पोरांच्या हाती फासे पडले, आणि पोरांनी तेच केलं जे फाशाचं करायचं असतं. तेजसने फासा टाकला, त्यावर 'ग' आला, तर तो ओरडला, "सहा! माझी सोंगटी सुटली!" शीतलने चकती डोक्यावर ठेवून टोपी केली. साहेब हरखून गेले. "बघा, मुलं किती रमलीत! हेच अपेक्षित आहे." सरांनी मान डोलावली. साहेबांबरोबरच्या मोबाइलवाल्याने फोटो काढले. कुणी एक शब्द लिहिला का, हे विचारायचं साहेबांच्या मनातसुद्धा आलं नाही.

मला राहवलं नाही. मी शीतलच्या हातात काटा दिला, तिने पानावर नाव लिहिलं, आणि मी ते पान साहेबांपुढे धरलं.

साहेबांनी पान उलटंपालटं केलं. "यावर तर काहीच नाही."

"येईल साहेब. थोडा वेळ लागतो."

"बाई," साहेब हसून म्हणाले, "तेवढा वेळ कुणाला असतो?" आणि त्यांनी पान खिडकीत ठेवून दिलं.

तो वेळ त्यांना भरतासाठी मात्र होता. व्हरांड्यात पंगत बसली. साहेब मधोमध, शेजारी सर, मग बाकीची मंडळी. सरांनी घाईघाईने मागून पानांची चळत आणली आणि मांडली. मंदाबाईंनी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचली होती. वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. वाफाळतं भरीत पानावर पडलं आणि सगळे त्यावर तुटून पडले. मी पुऱ्या वाढत होते, मनात चरफडत.

साहेबांनी भरीत तिसऱ्यांदा मागून घेतलं. पुरीने पान निपटता निपटता त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वाकडी केली. भरीत बोटाने बाजूला सारलं. मग सगळं पानच थोडं फिरवलं.

मी वाकून बघितलं. पानावर तपकिरी अक्षरं वर आली होती, वाकडीतिकडी, पण पुरती. 'भाविका हजर'.

शेजारच्या पानावरही तेच. त्याच्या पलीकडेही तेच. एकेक जण भरीत सारून आपलं पान वाचू लागला. मागे चुलीपाशी पानं पुसायला बसवलेल्या पोरीने एकही पान कोरं सोडलं नव्हतं. नाव पुकारणारं कुणी नाही, म्हणून ती आपली लिहीतच राहिली होती, पानामागून पान. बन्सीलाल सरांनी आपल्या पानावरच्या अक्षरांवर हळूच एक पुरी ठेवली, मग आणखी एक. पान मोठं होतं आणि पुऱ्या लहान.

"सुंदर लिहिलंय," साहेब म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल. "कोण ही भाविका? वर्गात तर दिसली नाही."

सरांनी पानावर तिसरी पुरी ठेवली. छापील मराठी कुठल्या कुठे पळाली.

"ती... ती आज येल नही, साहेब."

"असं कसं? इथे तर हजर लिहिलंय." साहेबांनी बोट पुसलं आणि वर्गात हजेरी घेतात तशा मोठ्या आवाजात पान वाचलं, "भाविका!"

त्या पोरीने सकाळपासून वाट कशाची बघितली होती? भिंतीआडून, चुलीच्या धुरातून, खणखणीत आवाज आला.

"हजर!"