सात मिलिमीटर

पाकिटावर बायकोचं नाव दिसलं, तेव्हा मास्तरांनी आधी खिडकीसमोरच्या तिघांना त्यांची पाकिटं देऊन वाटेला लावलं. मग आतला कागद ओढला.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर स्कॅनच्या फिल्म आणि रिपोर्ट जिथे मिळतात, त्या खिडकीमागे ते सव्वीस वर्षं बसत होते. नाव-नंबर जुळवायचा, सही घ्यायची, पाकीट सरकवायचं, एवढंच काम. पण गृहस्थ मुळात चौकस. रिपोर्ट वाचून वाचून त्यांनी निम्मी डॉक्टरी पदरात पाडून घेतली आहे, अशी थट्टा चाले, आणि ‘मास्तर’ हे नावही त्यातूनच पडलेलं. त्यांना ते मनातून आवडे.

मेंदूच्या एका धमनीला फुगा, सात मिलिमीटर, रक्तस्राव दिसत नाही, असं कागदावर होतं. धमनीची भिंत एखाद्या जागी कमजोर पडते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगवटा येतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. कित्येकांना तो जन्मभर असतो आणि कळतही नाही, हेही ठाऊक होतं. पण अशा माणसांचं पुढे काय होतं, ते मात्र त्यांना कधी कळलं नव्हतं. पाकीट खिडकीबाहेर गेलं की गोष्ट त्यांच्यापुरती संपायची.

आज शुक्रवार, आणि डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं होतं. चार दिवसांपूर्वी शिवणवर्गात कापड बेतताना बायकोचं डोकं एकाएकी भयंकर दुखलं. घरी येऊन तिने बाम चोळला, दुसऱ्या दिवशी बरी झाली. नेहमीच्या डॉक्टरांनी शंका नको म्हणून स्कॅन लिहून दिला. आता तर ती ठणठणीत होती. सोमवारपर्यंत तिच्या जिवाला घोर कशाला, असं म्हणून मास्तरांनी पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत जुन्या फिल्मच्या खोलीची किल्ली घेतली.

डबा तसाच ठेवून ते रॅक उपसत बसले. फुगा असलेली चार पाकिटं हाती लागली. एका बाईंचा फुगा दरवर्षी तपासला जात होता. आठ वर्षं तीनचा तीनच, तसूभर हलला नव्हता. मास्तरांना त्या बाईंचा फार आधार वाटला. दुसऱ्या माणसाचा शस्त्रक्रियेने बंद केला होता. तिसऱ्याच्या शेवटच्या फिल्मवर मेंदूभोवती रक्त पसरलेलं होतं, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. चौथ्या पाकिटात एकच फिल्म, नऊ वर्षांपूर्वीची. बाई, वय एकोणसाठ, फुगा सात मिलिमीटर.

पाकिटावर फोन नंबर होता. असा फोन करणं नियमात बसत नव्हतं, पण मास्तरांना राहवेना. जुन्या फिल्म निकालात काढतोय, हवी असली तर घेऊन जा, असं निमित्त त्यांनी जुळवलं.

फोन त्या बाईंच्या नवऱ्याने उचलला. आवाजावरून बराच म्हातारा वाटला. ती त्याच वर्षी गेली, म्हणाला, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच. मास्तरांनी कशी म्हणून विचारलं, आणि इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नसावं तसा तो सांगत सुटला.

“कपडे वाळत घालत होती. डोकं धरून खाली बसली ती बसलीच. त्याआधी सहा दिवस एकदा असंच दुखलं होतं बघा. हळूहळू नाही, एकदम. जन्मात असं दुखलं नाही म्हणाली. मी बाम चोळून दिला, तर उतरलं. नंतर डॉक्टर म्हणाले, तेव्हाच थोडं गळलं असणार. आम्हाला काय कळतंय त्यातलं.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि ड्रॉवर उघडला. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणासाठी रांग मोडली नव्हती. साडूसाठीही नाही, आणि साडूने अबोला धरला होता. आज ते पाकीट घेऊन थेट मेंदूच्या सर्जनबाईंच्या खोलीत शिरले. बाईंनी डोकं कसं दुखलं ते विचारलं, फिल्म उजेडात धरली आणि लगेच अँब्युलन्स पाठवायला सांगितली. एकदा गळलेला फुगा पुन्हा फुटायला मुहूर्त बघत नाही, म्हणाल्या, आणि फुटला की दहातले तीन-चार हाती लागत नाहीत.

बायको कुरकुरतच आली. फिल्म मात्र तिने मागून घेतली. गळ्यातली मापाची टेप तशीच होती, तिच्यावर सात मिलिमीटर बघितले.

“शर्टाच्या बटणाहून लहान आहे की.” मग तिने वर पाहिलं. “अहो, तुम्हाला कधी कळलं?”

“सकाळी.”

“मग दुपार कशी झाली?”

 मास्तरांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट डोक्यापर्यंत सरकवायची आणि फुग्यात तारेचं वेटोळं भरायचं, म्हणजे रक्त आत शिरत नाही. एरवी मास्तरांनी सर्जनबाईंना शंभर प्रश्न विचारून हैराण केलं असतं. आज ते बाकावर बसून होते.

दहाच्या सुमारास स्वच्छ पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा पाकीट हातात घेऊन समोर उभा राहिला. खिडकीवरच्या माणसाने त्याला वर पाठवलं होतं.

“काल फोन तुम्हीच केलात ना? फिल्म मिळाली. पण खरं सांगा, फोन कशासाठी केला होता?”

मास्तरांनी दाराकडे हात केला. “बायको आत आहे. तेच दुखणं. तुम्ही सांगितलंत म्हणून आणली.”

म्हातारा शेजारी बसला. किती वेळ लागेल, एवढंच त्याने विचारलं. पाकीट मांडीवर उभं धरून तो दाराकडे बघत राहिला. दोन वेळा चहा आला, तो दोघांनी घेतला.

एकच्या पुढे दार उघडलं आणि नर्सने नातेवाईक कोण म्हणून विचारलं.  मास्तरांच्या आधी म्हाताराच उठला.

“सगळं नीट झालं,” नर्स म्हणाली. “जाग्या झाल्यात. नाव विचारलं, तर आधी तुझं सांग म्हणाल्या.”

मास्तर रडता रडता हसले. म्हाताराही हसला. त्याने पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

“मग मी निघू का आता?” त्याने विचारलं.