आठव्या महिन्यातली नेमणूक

हुआइ नदीकाठच्या त्या गढीत तान शू अकरा वर्षं शीके म्हणून राहिला. शीके म्हणजे सरदाराच्या पंगतीला जेवणारा माणूस, विचारलं तर चार शब्द सांगायचे, नाही विचारलं तर गप्प जेवायचं. त्याच्या वरचा मान मोउशीचा, ज्याची मसलत घेतात त्याचा. आणि सगळ्यांच्या वर जुन्शी, फौजेचा गुरू. ते पद सरदाराचा मेहुणा दोउ चंग याच्याकडे होतं. तानची चटई पंगतीच्या अगदी टोकाला, दाराच्या वाऱ्यात. त्याच्यापर्यंत येईतो राळ्याचा भात गार झालेला असायचा.

नवव्या महिन्यात शत्रूचा सेनापती बोलणीला तयार झाला. त्याने धाकट्या भावाला बिनहत्यारी पाठवलं. दोउ चंगने नदीच्या उताराजवळच्या लव्हाळ्यात माणसं दडवून त्याला मारवलं. हे करू नका, सगळ्यांच्या जिवावर बेतेल, म्हणून तानने आधी भर सभेत गुडघे टेकले होते.

"शीकेने आपल्या ताटात बघावं," दोउ चंग म्हणाला होता. सभा खो खो हसली होती.

आता अकरावा महिना होता, आणि वेढा पडून चाळीस दिवस झाले होते. लोक झाडांच्या साली उकडून खात होते.

एके सकाळी तानला वाड्यावरून बोलावणं आलं.

"या तान गुरुजी, बसा," सरदार म्हणाला. अकरा वर्षांत 'अरे तान' याशिवाय त्याने हाक मारली नव्हती. त्याने कांस्याचा शिक्का आणि काळी रेशमी फीत तानच्या हातावर ठेवली. "आजपासून तुम्ही आमचे जुन्शी."

दोउ चंग खांबाशी उभा होता. त्याने वर पाहिलंच नाही. बिचारा खजील झाला असेल, असं तानला वाटलं. त्याला स्वतःला तर रडूच फुटलं. डोळे पुसत त्याने इतके दिवस मनात घोळवलेला बेत सांगितला: उत्तरेची दलदल थंडीने वरवर गोठली आहे, बायका-मुलं थोडी थोडी करून पलीकडे काढता येतील. सरदार "वा, वा" म्हणाला. लेखनिक ब्यानने मात्र कुंचला उचलला नाही.

घरी बायकोने, शुनने, फीत स्वतः त्याच्या कमरेला बांधली.

"अहो, आता माझ्या भावाला दाखवते! नुसता जेवायला ठेवलाय म्हणायचा तुम्हाला." ती हसली. वेढा पडल्यापासून ती हसलेली त्याने पाहिली नव्हती.

बेत लिहून द्यावा म्हणून तान दुपारी दप्तरखान्यात गेला. त्याच्या नेमणुकीची बांबूची पट्टी तिथेच वाळत पडली होती.

"ब्यानकाका, तारीख चुकली की. तुम्ही आठवा महिना लिहिलाय."

म्हातारा शाई घोटत राहिला.

"काका?"

"चुकली नाही रे बाबा. तशीच लिहायला सांगितली."

मग त्याने दार लोटून घेतलं आणि बासनातून शत्रूचं पत्र काढलं. 'ज्या जुन्शीने माझ्या भावाला मारण्याची युक्ती काढली, त्याला माझ्या हवाली करा. मी वेढा उठवतो.'

तानने ते दोनदा वाचलं. मारेकरी नवव्या महिन्यात धाडले होते. कागदोपत्री तेव्हा जुन्शी तो स्वतः होता.

शुनने सगळं ऐकून घेतलं आणि झटकन उठून गाठोडं बांधायला घेतलं. "दलदलीची वाट तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता निघू."

"मी गेलो तर वेढा उठायचा नाही."

"नाही उठला तर नाही! ही माणसं तुम्हाला हसली होती."

"सगळी नव्हती हसली. गढीत नऊ हजार माणसं आहेत, शुन."

तिचे हात थांबले. "मग मला कशाला सांगायला आलात?"

ती तशीच भिंतीकडे तोंड करून बसली, आणि दुसऱ्या दिवशी माणसं त्याला न्यायला आली तेव्हाही उठली नाही.

सेनापती तंबूबाहेर बसला होता. केस अजून सुतकाचे, मोकळे. त्याने तानकडे खूप वेळ पाहिलं.

"युक्ती तुझी?"

"माझी."

"माझ्या भावाला भाल्याने मारलं की बाणाने?"

तान अडखळला. "भाल्याने."

"दोरीने गळा आवळला होता त्याचा."

"लांबून पाहत होतो, विसरलो..." तानने जमिनीला कपाळ लावलं. "युक्ती माझीच होती. माझं डोकं घ्या आणि शब्द पाळा."

"तू होतास कोण तिथे? खरं सांग."

तानने पुन्हा जमिनीला कपाळ लावलं. सेनापतीने त्याच्या कमरेची कोरी करकरीत फीत दोन बोटांनी उचलून पाहिली आणि सोडून दिली.

"बोलणीला आलेला माझा भाऊ मारला. आता बोलणी केली तर खोटा माणूस दिला. या गढीशी मी आणखी काय बोलायचं?"

दुपारी गढीच्या तटाला शिड्या लागल्या. तानला दोन शिपायांनी टेकडीवर दंडाला धरून उभं केलं होतं. तो ओरडत होता, युक्ती माझीच होती, माझीच होती. त्याचा आवाज बसला तोवर पूर्वेकडची आळी पेटली होती. त्याचं घर त्याच आळीत.

त्याला मारलं नाही. तिसऱ्या दिवशी वाड्यातली प्रेतं ओळखायला नेलं. सरदार होता. ब्यानकाका होता, बोटांना शाई तशीच. दोउ चंग कुठेच नव्हता. शत्रूचा कारकून नावं लिहून घेत होता.

"पूर्वेच्या आळीतली माणसं?" तानने विचारलं. "माझी बायको. शुन नाव."

"बायकांची यादी करायचा हुकूम नाही," कारकून म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने पुढच्या प्रेतावरची चटई सारली. "हा कोण?"

तानने वाकून पाहिलं, आणि नाव सांगितलं.